बलुत्याला पावती नव्हती. धंद्याला पावती हवीच!

जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात जे घडले, त्याची आपल्या समाजात व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. तेथील वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरून झालेल्या व्यवहारांची माहिती काढली आणि हजारो लहान व्यावसायिकांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. त्यात चहावाले होते, बेकरीवाले होते, टपरीवाले होते. हावेरी येथील एका भाजी विक्रेत्याला तर चार वर्षांत १ कोटी ६३ लाख रुपयांचे व्यवहार झाले म्हणून २९ लाख रुपये भरण्याची नोटीस आली. बंगळुरूच्या रस्त्यांवर रातोरात 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींची बैठक घ्यावी लागली. जुन्या थकबाकीची वसुली होणार नाही, मात्र पात्र असणाऱ्यांनी यापुढे नोंदणी करावी, असे आश्वासन त्यांनी दिले आणि वातावरण निवळले.

या प्रकरणात कायदा काय म्हणतो? ताजी भाजी जीएसटीमधून मुक्त आहे. जो केवळ करमुक्त मालच विकतो त्याला, उलाढाल कितीही असो, नोंदणीची सक्ती नाही. करपात्र माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत, काही अपवाद सोडल्यास, नोंदणीची गरज पडत नाही. म्हणजे ताजी भाजी विकणारा कायद्याच्या नजरेत निर्दोष आहे. पण नोटीस आली की निर्दोष असून भागत नाही, तसे दाखवून द्यावे लागते. ज्याच्याजवळ खरेदीच्या चिठ्ठ्या आणि विक्रीची वही आहे, त्याचे उत्तर एका पानात होते. ज्याच्या एकाच बँक खात्यात गल्ल्याचे पैसे, बहिणीने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम आणि मित्राने परत केलेली उसनवारी असे सारे एकत्र जमा झाले आहे, त्याने काय उत्तर द्यावे? खात्यात आलेला प्रत्येक रुपया ही विक्री नव्हे, हे सिद्ध करण्याचे ओझे मग त्याच्याच डोक्यावर येते.

ही बातमी परराज्यातील म्हणून आपल्या बांधवांनी सोडून देऊ नये. कायदा तोच आहे, मोबाईलवरचा चौकोनी कोड तोच आहे, आणि त्या कोडामागे उभा असलेला एकटा माणूस बहुतेक वेळा आपलाच आहे.

एकट्याचा धंदा आणि झोपलेला कारकून

२०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के आस्थापनांत एकही पगारी कामगार नव्हता. हा देश मोठ्या कारखान्यांवर चालतो असे वर्तमानपत्रे सांगतात. प्रत्यक्षात तो एकट्यादुकट्याच्या कष्टावर चालतो. आपल्या वस्त्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. सरकारी नोकऱ्या आटल्या, जागा रिक्त राहिल्या, उरल्या त्या कंत्राटी झाल्या. आरक्षणाच्या आधारे ज्यांचे वडील रेल्वेत, बँकेत, जिल्हा परिषदेत लागले, त्यांची मुले आज वायरिंगची कामे घेतात, फॅब्रिकेशनचे शेड टाकतात, झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचे दुकान चालवतात, शिवणयंत्रावर गणवेश शिवून पुरवठा करतात, एखादा टेम्पो घेऊन माल वाहतात. हा बदल चांगला की वाईट, हा वाद वेगळा. तो झाला आहे, हे मात्र मान्य करावे लागेल.

या एकट्याच्या धंद्यात सकाळी तोच मालक असतो, दुपारी तोच मजूर, संध्याकाळी तोच वसुली करणारा आणि रात्री तोच कारकून. पहिली तीन कामे तो मनापासून करतो, कारण त्यात घाम आहे आणि समोर माणूस आहे. चौथे काम राहून जाते. बिल उद्या करू, नोंद रविवारी करू, रिटर्न शेवटच्या दिवशी भरू, असे म्हणत शटर खाली येते. आमच्या पंधरा-वीस वर्षांच्या वकिलीत धंदा बुडालेले जे बांधव आमच्यासमोर येऊन बसले, त्यांतले बहुतेक कामात कमी नव्हते, कष्टात तर नव्हतेच. त्यांचा कारकून झोपला होता.

हे आळसाचे लक्षण आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते मान्य नाही. या झोपेला मोठा इतिहास आहे.

वही कोणाच्या हातात होती?

ज्या समाजांकडे पिढ्यान् पिढ्या व्यापार राहिला, त्यांच्या घरात रोजमेळ आणि खतावणी हे शब्द पोरांच्या कानावर पाळण्यातच पडतात. गादीवर बसलेल्या आजोबांजवळ बसून नातू जमा-खर्च शिकतो. त्यासाठी कोणता क्लास लावावा लागत नाही. आपल्या घरात काय होते? महार वतनाची परंपरा आठवून पाहा. सरकारी निरोप पोहोचवा, सीमेचे भांडण असेल तर साक्ष द्या, मेलेले जनावर ओढा, अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढे पळा. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही, एकजण आजारी पडला तर घरातले दुसरे कोणी हजर झालेच पाहिजे. आणि मोबदला काय? खळ्यावर उरलेले बलुते, दारोदार मागितलेली भाकरी. किती काम झाले याची नोंद नाही, किती मिळायला हवे होते याचा हिशेब नाही, दिले नाही तर दाद मागायला कागद नाही. बलुत्याला पावती नव्हती. म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. मोबदला ठरावीक असावा, हक्काचा असावा, कोणाच्या मेहेरबानीवर नसावा, हा त्यामागचा विचार होता.

शूद्राने धनसंचय करू नये असे बजावणारी मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळण्यात आली. ग्रंथ जळाला, पण त्याने घडवलेली सवय तेवढ्याने जळत नाही. धन साठवायचेच नाही तर ते मोजायचे कशाला, आणि मोजायचे नाही तर लिहायचे कशाला? या क्रमानेच आपल्या हातून वही काढून घेतली गेली. महात्मा जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. निरक्षर शेतकऱ्याला कुलकर्णी आणि कचेरीतला कारकून कागदावर कसा नागवतो, हे त्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडले, ते प्रत्यक्ष पाहिलेल्या अनुभवातून. लुटीचे हत्यार तलवार नव्हती, लेखणी होती, हे त्यांनी ओळखले होते.

आणि स्वतः बाबासाहेब? १९१७ च्या अखेरीस बडोद्याहून अपमान सोसून ते मुंबईस परतले, तेव्हा पोटापाण्यासाठी त्यांनी जे उद्योग केले त्यांत शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी एक छोटी पेढीही होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा एकट्याचा धंदा चांगला चालू लागला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि पेढी बंद पडली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. पुढे १९२५ ते १९२८ या काळात, वकिली करीत असतानाच, बाटलीबॉय यांच्या हिशेब प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. म्हणजे ज्या माणसाची पेढी जातीमुळे बंद पडली, तोच माणूस इतरांना व्यापाराचा कायदा शिकवीत होता! आपण बाबासाहेबांच्या घटनेचे धडे घेतले, हे योग्यच झाले. या धड्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले.

तीन खेपा, दोन सह्या

काही वर्षांपूर्वीचे आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. विदर्भातील एका तालुक्याच्या गावची एक भगिनी. पती वारलेले, घरी एक शिवणयंत्र. एका खासगी रुग्णालयाला चादरी, उशांचे अभ्रे आणि कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवून देण्याचे काम तिला मिळाले. ऑर्डर तोंडी. तीन खेपांत माल गेला. पहिल्या दोन खेपांच्या वेळी तिने मुलाच्या शाळेच्या वहीत नगांची संख्या लिहून भांडारपालाची सही आणि तारीख घेतली होती. तिसऱ्या खेपेच्या दिवशी पाऊस होता, भांडारपाल घाईत होता, "ताई, सही उद्या देतो" म्हणाला. उद्या आला नाही. वर्ष गेले, दुसरे गेले. ती हेलपाटे घालीत राहिली. आमच्याकडे आली तेव्हा तीन वर्षांची मुदत संपायला जेमतेम दोन महिने उरले होते.

नोटीस गेली, बोलणी झाली. ज्या दोन खेपांवर सही होती, त्यांचे पैसे तडजोडीत आले. तिसऱ्या खेपेबाबत समोरच्याने सरळ सांगितले, माल आलाच नाही. तिसऱ्या खेपेत तिने सर्वांत जास्त माल शिवला होता. रात्रंदिवस शिवला होता. पण न्यायालयासमोर घाम वाचता येत नाही, सही वाचता येते.

या एका वहीत किती कायदा आहे, हे बांधवांनी समजून घ्यावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यातील कलम ३४ प्रमाणेच त्याच्या कलम २८ नुसार धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद न्यायालयात ग्राह्य धरता येते. केवळ तेवढ्यावर समोरच्याला जबाबदार धरता येत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. परंतु ती नोंद पायाचा दगड ठरते. त्यातील 'नियमितपणे' हा शब्द लक्षात घ्या. भांडण झाल्यावर एका रात्रीत लिहून काढलेल्या वहीला ही किंमत नाही. रोज लिहिणाऱ्यालाच कायदा साथ देतो.

पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी समोरच्याने बाकी मान्य केल्याचा सहीचा कागद दिला, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक येणेकऱ्याकडून 'एवढी बाकी मान्य' असे लिहून घेण्याची जुन्या व्यापाऱ्यांची रीत होती. तो शिष्टाचार नव्हता, तो मुदतीचा कायदा होता. धनादेश न वटल्यास बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. मग समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. "चेक टाकू नको, आठवड्याने देतो" या गोड शब्दांवर विसंबून किती बांधवांनी हे दिवस घालवले, त्याची गणती नाही. धनादेशाचे आयुष्य तीनच महिन्यांचे असते.

सर्वांत मोठे शस्त्र आहे ते २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर त्यातील मुदतीत, पण कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत. करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. आणि माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे कायदा मानतो. त्या भगिनीच्या वहीतील सही आणि तारखेला म्हणूनच सोन्याचे मोल आहे. दाद मागण्यासाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत, अर्ज ऑनलाईनही करता येतो.

मात्र येथेही दैनंदिन कारकुनी आडवी येते. सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, माल पुरवल्यानंतर नोंदणी करून मागच्या व्यवहारासाठी या कायद्याचा फायदा घेता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने वेगळा विचार मांडून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. न्यायालयांचा वाद न्यायालये मिटवतील. एकट्या उद्योजकाने त्यात आपला जीव अडकवू नये. पहिली ऑर्डर घेण्याआधी 'उद्यम' नोंदणी करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. जुलै २०२० पासून चालू असलेली ही नोंदणी संपूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, कोणताही दाखला जोडावा लागत नाही. तरीही तिच्यासाठी हजार-दोन हजार उकळणारे दुकानदार जागोजागी बसले आहेत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांनाही २०२१ पासून ही नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती. थकीत रकमेचे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे, हा फरक ध्यानात ठेवावा.

एजंटच्या मोबाईलमध्ये अडकलेला धंदा

दुसरा रोग याहून गंभीर आहे. आपला बांधव जीएसटीची नोंदणी करायला जातो. एजंट स्वतःचाच मोबाईल आणि स्वतःचाच ईमेल टाकतो, कारण ओटीपी आला की काम पटकन होते. बांधवालाही ते सोयीचे वाटते. पुढे विवरणपत्र राहते, विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये आणि काही व्यवहारच नसेल तर २० रुपये या दराने, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत चढत राहते. मग कारणे दाखवा नोटीस निघते. ती संकेतस्थळावर टाकली आणि ईमेलवर पाठवली की कायद्याने ती पोहोचली असे समजतात. एजंटने तोपर्यंत दुकान बदललेले असते. एकतर्फी आदेश होतो, नोंदणी रद्द होते आणि एक दिवस बँक खाते गोठल्यावर मालकाला पहिल्यांदा कळते. नोंदणी पुन्हा चालू करण्याचा अर्ज आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत, अपील तीन महिन्यांत आणि तेही वादातील कराच्या १० टक्के रक्कम आधी भरून. ज्याला आदेशच माहीत नाही त्याला या मुदती काय कामाच्या?

स्वतःच्या धंद्याचा पासवर्ड स्वतःकडे नसणे, ही आजची नवी गुलामी आहे असे आम्हाला वाटते. पूर्वी कुलकर्ण्याच्या दप्तरात आपली जमीन अडकत असे, आज एजंटच्या मोबाईलमध्ये आपला धंदा अडकतो. मदत जरूर घ्यावी, फी द्यावी, चांगला कर सल्लागार हा कल्याणमित्रच असतो. पण मोबाईल आपला, ईमेल आपला, पासवर्ड आपल्या वहीत. एवढा आग्रह धरायला पदवी लागत नाही.

शासन काय करते?

शासनाने केलेच नाही असे म्हणता येणार नाही. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, हे धोरण २०१२ पासून आहे. अशा उद्योगांना निविदेचा फॉर्म मोफत मिळतो आणि बयाणा रकमेतून सूटही आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू झाला. एप्रिल २०१६ मध्ये स्टँड-अप इंडिया योजना आली. बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यावे, असे ती सांगत होती. मार्च २०२५ मध्ये तिची मुदत संपली. २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या योजनेची घोषणा झाली. राज्यात १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे.

तरीही चार टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे गाठले गेले नाही. अधिकारी म्हणतात, पात्र पुरवठादारच सापडत नाहीत. हे अर्धसत्य आहे. पात्र माणूस सापडतो, त्याची फाईल सापडत नाही. जातीचा दाखला एका नावाने, पॅन दुसऱ्या स्पेलिंगने, तीन वर्षांची विवरणपत्रे नाहीत, केलेल्या कामाचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मागितलेच नव्हते. निविदेची शेवटची तारीख परवा. मग तीच निविदा कोणाला मिळते, ते सांगायला नको.

शासनाला आमचा सवाल असा आहे. उद्योग सुलभतेचे ढोल वाजवताना सुलभता कोणाची झाली? पूर्वी जे लिखापढीचे काम शासनाच्या कार्यालयात बसलेला लिपिक करीत असे, ते आज संकेतस्थळाच्या नावाने नागरिकाच्या अंगावर टाकले गेले आहे. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी अख्खा विभाग असतो. एकट्या माणसाकडे रात्रीचे दोन तास असतात. कर्ज देण्यासाठी महामंडळ आहे, तर मग त्या कर्जदाराला पहिली दोन वर्षे हिशेब, विवरणपत्रे आणि निविदा यांत हात देणारा एकही माणूस प्रत्येक जिल्ह्यात का असू नये? कर्ज द्यायचे आणि कागदांच्या जंगलात एकट्याला सोडायचे, मग थकबाकीदार म्हणून त्याचेच नाव फलकावर लावायचे, याला सामाजिक न्याय म्हणत नाहीत. समाजकल्याण विभागाने ही सोय केलीच पाहिजे, आणि चळवळीने ती मागितलीच पाहिजे. आम्ही शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो ते योग्यच आहे. थकलेल्या बिलांसाठी कधी मोर्चा काढला?

रोजचा पाव तास

शासन जागे होईपर्यंत आपण झोपून राहायचे काय? अंगुत्तर निकायात तथागतांनी दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जो आपल्या कामाकडे नेटाने लक्ष देत नाही, तो नवे धन मिळवू शकत नाही आणि मिळालेले वाढवू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. त्याच निकायात दीघजाणूला केलेल्या उपदेशात गृहस्थाच्या ऐहिक सुखाच्या चार गोष्टी येतात: उट्ठानसंपदा म्हणजे उद्यमशीलता, आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता, आणि समजीविता म्हणजे जमा-खर्चाचा तोल. आपला बांधव पहिल्या गोष्टीत कोणालाही हार जात नाही. तो दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीत हरतो. हिशेब लिहिणे हे धम्माबाहेरचे, बनियागिरीचे काम आहे, हा गैरसमज डोक्यातून काढून टाकला पाहिजे.

आम्ही स्वतः एकट्याचे कार्यालय चालवतो. वकिलाची डायरी एक दिवस लिहायची राहिली तर अशिलाची तारीख चुकते आणि त्याचा दावा निघून जातो. त्या भीतीने लागलेली सवय येथे मांडतो. रोज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी पाव तास. आलेला पैसा, गेलेला पैसा, दिलेला माल, घेतलेली सही, एवढेच लिहायचे. बिलाला अनुक्रमांक द्यायचा, फाडलेल्या बिलाची प्रत ठेवायची, सही केलेल्या चलनाचा मोबाईलवर फोटो काढायचा. व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर पुसायची नाही. ठरल्या पद्धतीच्या प्रमाणपत्रासह तीही पुरावा होते. धंद्याचे बँक खाते आणि घरचे खाते वेगळे. एवढे एक केले तरी कर्नाटकासारखी नोटीस आली असता झोप उडणार नाही.

आठवड्यातून एकदा एक तास. त्यात येणेकऱ्यांची यादी काढायची आणि ज्याचे ४५ दिवस भरत आले त्याला नम्रपणे, पण लेखी आठवण द्यायची. नम्रतेने मागितलेले पैसे हे बलुते नव्हे, तो हक्क आहे. महिन्यातून एकदा बँकेचा उतारा वहीशी ताडून पाहायचा. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने तारखा: जीएसटीची कंपोझिशन योजना घेतली असेल तर जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलची १८ तारीख, वार्षिक विवरणपत्रासाठी ३० जून. ही योजना दीड कोटीपर्यंतच्या उत्पादक व व्यापाऱ्याला एक टक्का दराने सोपी पडते. मात्र यात गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, परराज्यात माल विकता येत नाही आणि खरेदीदाराला कराची वजावट मिळत नाही. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्याने म्हणूनच विचार करून ती घ्यावी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असल्याने जुन्या कलमांच्या आकड्यांवर विसंबून राहू नये, त्या वर्षीचे फॉर्म आणि तारखा पाहून घ्याव्यात. एकट्याच्या दुकानाला राज्याच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमाखाली नोंदणीची नव्हे, केवळ सूचना देण्याची गरज असते. जुन्या गुमास्ता परवान्याच्या नावाने कोणी भरमसाट पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

विहारात एक टेबल

आता शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. हे सारे एकट्याने करायचे असले तरी शिकायचे एकट्याने नाही. आपल्या समाजाकडे भांडवल नाही असे आपण नेहमी म्हणतो. एका भांडवलाकडे आपले लक्षच गेलेले नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आरक्षणामुळे आपले हजारो बांधव-भगिनी लिपिक, रोखपाल, लेखापाल, लेखापरीक्षक, बँक अधिकारी, विक्रीकर निरीक्षक झाले. आज ते निवृत्त झाले आहेत. ज्या व्यवस्थेने आपल्याला दप्तराला शिवू दिले नाही, त्याच व्यवस्थेची दप्तरे यांनी तीस-तीस वर्षे सांभाळली. कोणती फाईल कोठे अडते, कोणत्या शेऱ्याने पुढे सरकते, हे त्यांना तोंडपाठ आहे. हे ज्ञान त्यांच्याबरोबर घरात बसून आहे. वर्धापनदिनाच्या वर्गणीची पावती ते बिनचूक फाडतात, मग शेजारच्या तरुणाच्या धंद्याचे बिलबुक तपासायला काय हरकत आहे?

प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास एक टेबल मांडावे. एक निवृत्त लेखापाल, एक तरुण वकील किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, एक संगणक. ज्याला बिल कसे करावे कळत नाही त्याने यावे, ज्याला नोटीस आली त्याने लपवून न ठेवता ती घेऊन यावे, ज्याची उद्यम नोंदणी नाही त्याची तेथेच, फुकट करून द्यावी. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आपण विहारात चालवतो, त्यातून मुले अधिकारी होतात, अभिमानाची गोष्ट आहे. पण परीक्षेत न निवडली गेलेली जी शेकडो मुले धंद्यात उतरतात, त्यांच्यासाठी विहाराचे दार का बंद असावे? या कामाला निधी लागत नाही, नेता लागत नाही, कोणत्या गटाचा शिक्का लागत नाही. ज्या विहारात हे टेबल लागेल, तेथील एका रविवारची जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत.

त्या भगिनीला तडजोडीचे पैसे मिळाले त्या दिवशी तिने आमच्यासमोर दोन गोष्टी केल्या. आधी पैसे मोजले. मग पिशवीतून एक नवी, जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख टाकून तीच रक्कम लिहिली. तिसऱ्या खेपेचे पैसे तिला कधीच मिळाले नाहीत. पण त्यानंतर सहीशिवाय तिने एक अभ्रासुद्धा कोणाच्या हाती दिलेला नाही.

समाजबांधवांनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या कष्टाची नोंद कोणत्याही वहीत नाही. आपल्या कष्टाची नोंद आपणच ठेवू या.

जयभीम!